गाडीत दोष नाही

ताईची व्हॅन चढावर दुसऱ्यांदा अडकली तेव्हा मी भडकलोच. इंजिन चालू, गिअर सुटलेला, मागे डायलिसिसचे तीन पेशंट. माझी सख्खी मोठी बहीण एकवीस वर्षं रुग्णालयाची व्हॅन चालवते, आणि आता म्हणे गिअर आपोआप सुटतो. डोंबलाचं आपोआप.

पहिल्या वेळी गाडी आमच्या वर्कशॉपमध्ये मीच तपासली होती. गिअर कधी बदलायचा ते ठरवणारा कंट्रोल मॉड्यूल, त्याला वेग कळवणारा सेन्सर, सगळं ठणठणीत. सिग्नल व्यवस्थित. मी कागदावर लिहून मोकळा झालो: गाडीत दोष नाही, चालकाचा लीव्हरला हात लागला असावा. आता तोच कागद पुढे करून रुग्णालयाचे गाड्यांचे प्रमुख तिला व्हॅनवरून कायमचं उतरवणार होते. निर्णय आज चार वाजता.

गाडी पुन्हा माझ्याकडेच आली. ताई वर्कशॉपच्या बाकावर बसली होती. मी तिच्याकडे बघितलंही नाही. गाडी उचलून चाकं फिरवली, सेन्सर नवा घातला, लॅपटॉपवर वेगाची रेघ एकदम सरळ. मग वैतागून मी वायरींचा जुडगा धरून हिसडला आणि रेघ धपकन शून्यावर आली. सोडला, परत वर. हिसडला, शून्य. मॉड्यूलला वाटत होतं वेगच राहिला नाही, म्हणून तो गिअर सोडून देत होता.

वायर चाचपत गेलो. एका जागी आवरण फुगलेलं. ब्लेडने उघडलं तर आत तांब्याचा हिरवा भुगा, दोन-तीन तारा कशाबशा टिकून. आणि आवरणावर टाचणीचं बारीक भोक.

आमच्याकडे वायरीत टाचणी टोचून सिग्नल बघणारा एकटा मीच. कनेक्टर उघडायला वीस मिनिटं जातात, टाचणीला दोन सेकंद. त्यावरून बाकीचे मला शिंपी म्हणतात. टोचलं की भोकावर गोंदाचा थेंब टाकायचा, हा नियमही माझाच. आठ महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंगला मी ही वायर टोचली आणि थेंब राहून गेला. तेव्हापासून चाकाने उडणारं पाणी आत जात होतं. तीन आजारी माणसं, तो चढ, मागून येणारे ट्रक.

गाडीखालून बाहेर येऊन म्हणालो, "ताई, दोष गाडीतच होता. आणि तो मी केलाय. वायर टोचली आणि बुजवायला विसरलो."

ती बाकावरून उठून गाडीजवळ आली.

"चारच्या आत प्रमुखांना सांगतो. कागद बदलून देतो."

"मी सकाळीच त्यांना लिहून दिलं," ती म्हणाली. "माझा हात लागला म्हणून."

"लागला होता?"

"नाही. पण तू तपासून सांगितलंस ना. मग मला वाटलं, लागलाच असेल. हल्ली घरी गॅस बंद केला का, तेही मी तीनतीनदा उठून बघते."

स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. वायर बदलली, रेघ दोनदा तपासली आणि किल्ली तिच्यापुढे धरली. "चल, प्रमुखांकडे जाऊ. तू चालव."

तिने हात मागे घेतला.

"नको रे, तूच घे," ती म्हणाली, आणि मागचं दार उघडून पेशंटच्या सीटवर जाऊन बसली.