काळुरामचा गोल

राघोने मारलेला चेंडू गोलाच्या खांबांवरून उडाला आणि मैदानाशेजारच्या तबेल्याच्या पत्र्यावर धाडकन आदळला. म्हशी हंबरल्या, बघे हसले. राघोने मान खाली घालून पायांतल्या उसन्या बुटांकडे पाहिलं. सकाळपासून एकही फटका धड बसला नव्हता.

ठाण्याच्या गिरणीच्या फुटबॉल संघात जागा मिळवायची तर या चाचणीत चमकणं भाग होतं. संघात आला त्याला गिरणीत कायमची नोकरी. कळव्याच्या मिठागरात पावसाळाभर हातावर हात धरून बसावं लागे, आणि त्याच्या बायकोचे, तुळसाचे, दिवस नेमके यंदाच्या पावसाळ्यात भरणार होते.

मध्यंतराची शिट्टी झाली. संघाचा कप्तान प्रभाकर, नौपाड्याचा, त्याच्याजवळ आला.

“अरे राघो, काय चाललंय हे? मिठागराच्या पोरांत तुझा खेळ पाहिला म्हणून बोलावलं ना मी.”

“साहेब, बूट काढून खेळू? चेंडू कुठं लागतो तेच समजत नाय.”

“लंडनच्या ऑलिंपिकला आपण अनवाणी खेळून फ्रान्सला घाम फोडला, ते दिवस गेले बाबा. गेल्या वर्षी हेलसिंकीला त्या थंडीत तसंच खेळून दहा गोल खाल्ले आपण. आता बुटांशिवाय मैदानात पाऊल नाही. नंतरही असाच खेळलास तर माझा इलाज नाही.”

राघो कडेला जाऊन मटकन बसला. तिथे त्याचा बाप काळुराम उकिडवा बसला होता. आता काय ऐकावं लागणार ते राघोला पाठ होतं. लढाईच्या काळात कल्याणच्या छावणीतल्या गोऱ्यांच्या संघावर काळुरामने अनवाणी गोल चढवला होता. एका गोऱ्याने बुटाखाली त्याचा डावा पाय चिरडला, तरी पठ्ठ्याने चेंडू सोडला नाही. कळव्यात एकही लग्न या गोष्टीशिवाय पार पडत नसे, आणि म्हातारा पायाची वाकडी बोटं पाहुण्यांना हौसेने दाखवी. बूट घरात आले त्या दिवशी तो म्हणाला होता, घोंगडी पांघरून कोण पोहतं?

“बा, काय बोलू नको,” राघो म्हणाला. “सगलं गेलं.”

काळुराम पुढे सरकला, राघोचा पाय मांडीवर घेतला आणि बुटाची नाडी सोडू लागला. राघोने चटका बसल्यासारखा पाय ओढून घेतला. बापाने लेकाच्या पायाला हात लावायचा म्हणजे काय!

“बा! लोकं बघतान.”

“बघू दे. सैल बांधलंस. पाय आत हालतो, मंग चेंडू कसा लागंल?”

“तुलाच बूट नको होतं ना?”

म्हातारा नाडी ओढत राहिला.

“त्या मॅचचं सगली इचारतान. तिच्यापुढची मॅच कंदी खेललास, असं मना कोन इचारलाय?”

राघोने आठवून पाहिलं. पुढची मॅच गावात कुणी कधी सांगितलीच नव्हती. विचारायचं त्याच्याही मनात आलं नव्हतं.

शिट्टी वाजली. काळुरामने दुसऱ्या बुटाची गाठ आवळली. राघोने त्याला हात देऊन उठवलं. डाव्या पायावर भार टाकण्याआधी म्हातारा क्षणभर थांबला, रोज थांबायचा तसाच.

“जा,” तो म्हणाला.

राघो मैदानात शिरला. बूट अजून चावत होते. त्याने खाली पाहिलं नाही.