झेंड्यापाशी कोण थांबणार

लिफ्टची दारं दुरुस्त करण्यात माझं आयुष्य चाललंय, त्यामुळे अडून बसणाऱ्या वस्तूंची मला सवय आहे. पण माझ्या धाकट्या भावाइतकं अडेलतट्टू यंत्र अजून कुठल्या कारखान्यात तयार झालेलं नाही.

त्याला आम्ही टिल्लू म्हणतो. आता दारातून वाकून आत यावं लागतं, तरी टिल्लूच. शनिवारी तो घरी आला तेव्हा मी म्हटलं, बरं झालं, एकदाचं समोरासमोर बोलू. आमची कंपनी दुसऱ्या शहरात नवी शाखा काढतेय. तिथल्या कारागिरांवर मुख्य म्हणून जाशील का, असं मोठ्या मिस्त्रींनी मला विचारलं होतं. वर्षभर तिकडेच राहायचं, आणि सोमवारी सकाळी हो की नाही ते सांगायचं. पण खुब्याचं हाड मोडल्यापासून आई वॉकर धरून चालते, तिच्याजवळ कोणीतरी हवं. टिल्लूचं काम घरबसल्या, संगणकावरचं. वर्षभर इथे राहिला तर याचं काय बिघडतं? एक खुर्ची तर लागते मेल्याला!

फोनवर हे मी किती वेळा सांगितलं असेल. उत्तर ठरलेलं. "अगं ताई, मी एका पायावर तयार आहे. पण आईच नको म्हणते. तिला तूच हवी." यावर मी काय बोलणार? आईला विचारावं आणि ती रडली तर? म्हणून गप्प बसले आणि आतल्या आत धुमसत राहिले.

रविवारी जेवणं झाल्यावर मी पुन्हा विषय काढला, तर साहेब माळ्यावर चढले आणि लहानपणीचा व्हिडिओ गेम घेऊन खाली उतरले.

"ताई, एक डाव!"

"टिल्लू, मी काय बोलतेय?"

"खेळता खेळता बोलू की."

वायरी जोडून झाल्या, कॅसेटमध्ये फुंकर मारून झाली, आणि टीव्हीवर ती दोन चौकोनी हिरवी बेटं आली. एक आपलं, एक शत्रूचं. शत्रू म्हणजे यंत्रच, आम्ही दोघं एका बाजूने. गाडीखान्यातून हवी ती गाडी काढायची, रणगाडा, हेलिकॉप्टर, नाहीतर जीप. झेंडा मात्र फक्त जीपच उचलते, आणि जीप अशी नाजूक की एक गोळा लागला की आटोपलं. त्यांचा झेंडा आपल्याकडे आणला की जिंकलो, आपला त्यांनी पळवला की हरलो. आमच्याकडे वाटणी पहिल्यापासून ठरलेली. टिल्लू जीप घेऊन मजा मारत झेंडा आणायला जाणार, आणि मी रणगाडा घेऊन आपल्या झेंड्यापाशी उभी.

त्या दिवशीही मी रणगाडाच घेतला. सवय, दुसरं काय!

"उद्या सकाळी मला उत्तर द्यायचंय," मी म्हटलं.

"डावीकडून आले बघ! मार!"

मी मारलं. "राहशील का वर्षभर?"

"मी तयारच आहे गं, पण आई... उजवीकडे! ताई, लक्ष कुठाय तुझं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. रणगाडा गाडीखान्यात घातला आणि जीप बाहेर काढली.

"ए, काय करतेस? झेंड्यापाशी कोण थांबणार?"

"तू थांब."

"मी? किती कंटाळवाणं काम आहे ते!"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. "कंटाळवाणं? इतकी वर्षं मला तिथेच उभं केलंस, आणि आज सांगतोस कंटाळवाणं? अरे, आई नको म्हणते म्हणून मी थांबलेय, नाहीतर कधीच गेले असते!"

आतल्या खोलीतून वॉकर ठकठकला. आई दारात येऊन उभी राहिली, धापा टाकत.

"मी कधी नको म्हटलं?"

टीव्हीवर गोळीबार चालूच होता.

"हाच मला सांगत होता," आई म्हणाली, "की ताईलाच जायचं नाही, तिचा इथून पाय निघत नाही. मी जा म्हटलं तर घालवून दिल्यासारखं वाटेल तुला, म्हणून मी तोंड उघडलं नाही."

बघा! दोघींना एकाच वेळी शेंडी लावली होती पठ्ठ्याने, आणि आम्ही एका घरात राहून एकमेकींना काही विचारलं नव्हतं. मी टीव्ही बंद केला.

"बोल."

"ताई, मला नाही गं जमणार," तो खाली बघत म्हणाला. "तिला उठवायचं, बसवायचं, औषधं. मला भीती वाटते. पडली माझ्या हातून तर? तुला सगळं येतं."

"मला येतं? मी काय शिकून आले होते का रे? पहिले कित्येक दिवस माझेही हात थरथरायचे! तेव्हा कोणी विचारलं होतं मला, जमेल का म्हणून?"

मी तिथल्या तिथे मोठ्या मिस्त्रींना फोन लावला. सोमवारची वाट कशाला बघायची? "येते मी," एवढंच म्हटलं. आवाज चढाच होता. ते बिचारे म्हणाले, "अगं, रागावतेस कशाला?"

फोन ठेवला आणि टिल्लूला म्हटलं, "ऊठ. तिला खुर्चीत बसव."

तो उठला. आईच्या दंडाला धरायला गेला. दंडाला नसतं धरायचं, पाठीमागून कमरेला आधार द्यायचा असतो. वॉकर डगमगला, आई कळवळली आणि माझे हात आपोआप पुढे गेले.

आईने मान हलवून मला नको म्हटलं.

"दंड सोड," ती टिल्लूला म्हणाली. "कमरेला धर. घाबरू नकोस, पुन्हा धर."

मी माझे हात पाठीमागे घट्ट बांधले आणि जागची हलले नाही.