ऐन कामात मला निजवलं

मी एक पांढरी पेशी बोलतोय. बोलायची मला हौस नाही. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, आणि आता काचेच्या पट्टीवर आडवा पाडून, अंगाला जांभळा रंग फासून झाल्यावर म्हणे, सांगा तुमची कहाणी. या थेंबातल्या तरुण पेशींनीच मला पुढे ढकललं. "आजोबा, तुम्ही सगळं पाहिलंय." पाहिलंय ना, म्हणून तर नको वाटतं. पेशी म्हणतात म्हणून बाईमाणूस समजू नका. मी म्हातारा आहे, तिरसट आहे आणि माझं शिक्षण बेताचंच.

शाळा पाहिली मात्र. छातीच्या हाडामागे आमची शाळा असते. धडा एकच, आपला कोण आणि परका कोण. आपल्यावर हात उगारला की तिथल्या तिथे खलास. शंभरातले चार-पाच जिवंत बाहेर पडतात. मी काठावर सुटलो. पुढचं सगळं कामावर शिकलो.

ज्याच्या अंगात मी राहिलो तो माझा मालक. तो सात वर्षांचा असताना त्याला कांजिण्या आल्या, ती माझी पहिली नोकरी. आई नव्हती त्याला. थोरली बहीण, तेव्हा तीच जेमतेम चौदाची, त्याचे दोन्ही हात धरून बसायची. "बाळ्या, खाजवू नकोस. तोंडावर खड्डे पडले तर मुलगी कोण देईल तुला?" खड्डे पडले नाहीत. श्रेय ताईला मिळालं. आम्ही आत मरमर मेलो, आमचं नाव कुणी काढलं नाही. असो. त्याची सवय आहे.

मालक मोठा होऊन न्हावी झाला. स्वतःचं दुकान, तीन खुर्च्या. हात इतका हलका की दाढी करताना गिऱ्हाईक घोरायला लागायचं. तीस वर्षं त्याने लोकांची डोकी हाताळली, पण स्वतःच्या डोक्यात काय चाललंय त्याचा पत्ता त्याला लागला नाही.

मलाही लागला नाही, कबूल करतो. मेंदूत आम्हाला सहसा शिरू देत नाहीत. बाकी अंगात रक्ताच्या नळ्यांच्या भिंती सैल असतात, वाटेल तिथून बाहेर पडा. मेंदूतल्या नळ्यांची भिंत मात्र घट्ट लिंपलेली. जागा नाजूक, आम्ही आडदांड, म्हणून हा बंदोबस्त. त्या बंदोबस्ताच्या आडच मालकाच्या काही पेशी बिघडल्या आणि त्यांची गाठ झाली.

आधी उजवा हात चुकायला लागला. एका निवृत्त मास्तरांच्या कानाला कात्री लागली. मास्तर म्हणाले, "अरे, कान तेवढा ठेव बाबा. चष्मा कुठे अडकवू?" सगळं दुकान हसलं. मालक हसला नाही. पंधरा दिवसांनी तो दुकानातच आकडी येऊन पडला.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर डोक्यावरून हात फिरवून बायकोला पहिलं वाक्य काय बोलला असेल? "हे कुणी भादरलंय? विळ्याने?" बायको रडता रडता हसली. गाठ बरीचशी काढली होती. मुळं राहिली होती.

तेव्हाच ती गोळी घरात आली. लहानशी, पांढरी, मेंदूची सूज उतरवणारी. घेतली की थोड्या वेळात ठणका ओसरायचा, मालक उठून बसायचा, जेवायला मागायचा. ताई त्या गोळीला हात जोडायचीच काय ती बाकी होती. आम्हाला मात्र त्या गोळीने गुंगी यायची. सूज कशाची असते? बरीचशी आमच्याच जातीच्या धावपळीची. ती उतरवायची तर आम्हाला निजवावंच लागतं. ऑपरेशननंतर मीही निजलो. त्याबद्दल तक्रार नाही. तेव्हा गरज होती.

मग डॉक्टरबाईंनी नवा उपाय काढला. मालकाच्याच रक्तातल्या आमच्यासारख्या पेशी बाहेर काढायच्या, गाठ ओळखायला शिकवायच्या आणि परत सोडायच्या. त्यांनी मालकाला, बायकोला आणि ताईला समोर बसवून सांगितलं, "ही गोळी आता हळूहळू कमी करत बंद करायची. नाहीतर पेशी आत जाऊन झोपतील. आणि त्या कामाला लागल्या की डोकं दुखेल, कदाचित खूप दुखेल. दुखलं तर लगेच मला फोन. काय द्यायचं ते मी ठरवेन. मनाने काही द्यायचं नाही. कळलं?"

"कळलं," बायको म्हणाली. ताईही "हो" म्हणाली. मी ऐकलंय.

एका हातातून रक्त बाहेर, यंत्रातून फिरून दुसऱ्या हातातून आत, असं चार तास चाललं. त्यात मी पकडलो गेलो. पुढे तीन आठवडे प्रयोगशाळेत, गुलाबी पाण्याच्या पिशवीत, कोमट उबेत. या वयात पुन्हा शाळा! पण शिकवलं चांगलं. गाठीच्या अंगावर एक खूण असते, ती चाचपणारा नवा हात आमच्या अंगावर उगवला. एकाचे हजार झालो. निम्मे पहिल्या पिशवीत भरले, निम्मे दुसऱ्या पिशवीत गोठवून ठेवले.

शिरेतून आत आलो. हृदय, फुप्फुस, पुन्हा हृदय, मग मानेतून वर. गाठीजवळच्या नळीत भिंतीला घासत घासत वेग कमी केला, चिकटलो आणि फट शोधत सरपटलो. फट मिळाली ती माझ्या अंगापेक्षा कितीतरी बारीक. आधी डोकं घातलं, मग पोट ओढून घेतलं. माझ्या डावी-उजवीकडचे दोघे तिथेच अडकून मेले. मी आत पडलो. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मेंदू पाहिला. पाहायला वेळ नव्हता.

गाठीची पहिली पेशी चाचपली, चिकटलो, तिला भोक पाडलं, आत विष सोडलं, पुढची धरली. पाच दिवस हेच केलं. सहाव्या दिवशी मालकाच्या लुळ्या पडलेल्या उजव्या हाताची बोटं हलली. त्याने उशाजवळचा कंगवा उचलला आणि बायकोचे केस विंचरले. "भांग वाकडा पडलाय," बायको म्हणाली. "पडू दे," तो म्हणाला. तिने दिवसभर तो भांग मोडला नाही.

पण सूज वाढली होती. वाढणारच. मालक दुपारी डोकं भिंतीला टेकवून कण्हायचा. बायको शर्ट शिवायच्या कारखान्यात कामाला जायची. घरात ताई असायची. कपाटावर डब्यात उरलेल्या गोळ्या होत्या आणि फोन टेबलावर होता. तिने डबा काढला.

"दूध घे रे बाळ्या."

"कडू लागतंय, ताई."

"तोंड कडू झालंय तुझं. नाक दाबून पी. लहानपणीही अशीच नाटकं करायचास."

थोड्या वेळाने ती गोळी रक्तातून आली. मी चव ओळखली. माझ्या हातात गाठीची एक पेशी होती, अर्धी मेलेली. हात सैल पडला. ती सुटली. मी शुद्धीवर होतो, पण काहीच करावंसं वाटेना. आजूबाजूचेही तसेच बसले.

मालक दुपारी झोपला. संध्याकाळी दोन वेळा वाढून घेतलं. बायको म्हणाली, "वन्सं, बघा, उतार पडतोय." ताई म्हणाली, "पडणारच. मी आहे ना." दुसऱ्या दिवशी पुन्हा दूध. तिसऱ्या दिवशी पुन्हा. डॉक्टरबाई फोनवर विचारायच्या, गोळ्या बंद आहेत ना? बायको खात्रीने सांगायची, "एकही नाही." खोटं तिने सांगितलं नाही. तिला माहीतच नव्हतं.

अठरा दिवस हे दूध चाललं. डबा संपला तेव्हा गाठ पहिल्यापेक्षा मोठी झाली होती. आधी कंगवा हातातून पडला. मग शब्द गेले. कात्रीला तो 'ते, ते' म्हणायला लागला. मग तेही थांबलं.

डॉक्टरबाईंनी मेंदूभोवतीचं पाणी सुईने काढून तपासायला घेतलं. त्या पाण्यातून मी या काचेवर आलो. काल त्यांनी बायकोला आणि ताईला इथे बोलावलं आणि आम्हाला पडद्यावर मोठं करून दाखवलं.

"या पेशी आत पोचल्या, पण नुसत्या बसून राहिल्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोष कुणाचाच नाही. यांच्या पेशी मुळातच दमलेल्या असाव्यात. तसं असेल तर दुसरी पिशवी देऊन उपयोग नाही. उगाच त्रास. परवा आम्ही बसून ठरवतो."

"म्हणजे यांच्या रक्तातच दम नव्हता?" बायकोने विचारलं.

आणि ताई काय म्हणाली? "तो लहानपणापासून नाजूकच होता गं."

नाजूक! भिंतीत अंग चेचून आत गेलो, तो मी नाजूक? मला या काचेवरून उठता आलं असतं तर!

ती पडद्याजवळ आली. माझ्याकडेच पाहत होती. "हे जिवंत आहेत का?" तिने हळूच विचारलं.

"नाही. आता नाहीत."

तिने पदराने डोळे पुसले. तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलेल. बायको तिच्याकडे वळली, "काय, वन्सं?" ताई म्हणाली, "काही नाही. चल, बाळ्या एकटा आहे."

मी तिरसट असलो तरी आंधळा नाही. भाऊ भिंतीला डोकं टेकवून कण्हत असताना हात बांधून बसणं तिला जमलं नाही, एवढं मला समजतं. तेवढ्यासाठी मी काही मागितलं नसतं. पण आमचे भाऊबंद अजून त्या गोठवलेल्या पिशवीत आहेत, धडधाकट, शिकलेले, एकदाही न निजलेले. त्यांचा उपयोग होईलच असं मी म्हणत नाही. गाठ आता मोठी आहे. पण त्यांना फेकायचं की सोडायचं हे उद्या ठरणार आहे, आणि ठरवणाऱ्यांना खरं काय झालं ते माहीत नाही. ते एकाच माणसाला माहीत आहे. मालकाला दुधाचा कडूपणा आठवला तरी सांगता येत नाही. त्याचं बोलणं गेलं.

ताईने डॉक्टरबाईंना फोन करून 'गोळी मी देत होते' एवढं सांगावं. तीच माझ्याकडे मागितलेली माफी समजेन. डॉक्टरबाईंनी मला दमलेला म्हटलं, ते सोडून दिलं. त्या फसल्या होत्या. बायकोही काही देणं लागत नाही. माझी माफी बाकी आहे ती मालकाच्या ताईकडे.