भरलेली कपाटं

"मॅडम, एकबी कपाट खाली दिसलं नाई पायजे," मुख्याध्यापक केशवराव सरांनी बजावलं.

शुक्रवारी संस्थेचे अध्यक्ष अकोटच्या शाळेत येणार होते. ग्रंथालयाची खोली आणि वाचनाचा तास चालू ठेवायचा, की तिथे कॉम्प्युटर बसवायचे, हे ते त्याच दिवशी ठरवणार होते.

सबीहा मॅडम शाळेच्या ग्रंथपाल. रोज अकोल्याहून एसटीत हाडं खिळखिळी करून घेत येत. "सर, खालीच राहू द्या नं," त्या म्हणाल्या. "पुस्तकं पोरायच्या घरी हायेत, तेच तर साहेबायले दाखवायचं हाय."

कापसाचे भाव पडल्यापासून वेचणीला मजूर लावणं कुणाला परवडेना. घरचीच पोरं वावरात जात आणि संक्रांतीला परत आली की वाचताना अडखळत. मॅडमनी पुस्तकं घरी द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून पोरं वाचन विसरेनाशी झाली. एवढी साधी गोष्ट होती.

पण केशवराव सरांना कोण सांगणार! माणूस वाईट नव्हता, पण तपासणी म्हटली की त्याच्या तोंडचं पाणी पळे. पुस्तकं परत मागवली गेली. फाटकी पोत्यात गेली, उरलेल्यांना खाकी कव्हरं चढली.

"माह्यं अर्धंच झालं न, मॅडम," सातवीतली रागिणी पुस्तक घट्ट धरून म्हणाली. "काहून मागून राहिले?"

"दोन दिवसांत वापस देतो," मॅडम म्हणाल्या. तेव्हा त्यांना ते खरंच वाटत होतं.

शुक्रवारी अध्यक्षांनी कपाटातून एक पुस्तक काढलं, उलटंपालटं केलं. "कोरं करकरीत! कोनी हात नाई लावला वाटते."

"साहेब, ही सारी पोरायकडे होती, आता आता—"

"मॅडम लय जपतात पुस्तकं," केशवराव सर घाईनं मधे बोलले आणि हसले.

"मंग पेट्यायत भरून जपा. सोमवारी कॉम्प्युटर येते."

झालं. इतक्या वर्षांची मेहनत पालथ्या घड्यावर पाणी. मॅडमना संताप यायला हवा होता, पण परतीच्या बसमध्ये त्या इतक्या थकल्या होत्या की रागवायचंही जिवावर आलं. वाईट एकाच गोष्टीचं वाटत होतं, रागिणीला दिलेल्या शब्दाचं.

शनिवारी सकाळच्या शाळेत त्यांनी सगळी कपाटं उघडली आणि पोत्याचं तोंडही सोडलं. "न्या. जेवढी झेपतील तेवढी न्या." पोरांनी दप्तरं भरली, पोरींनी ओढण्यांत गाठोडी बांधली. रागिणीनं आधी आपलं अर्धं राहिलेलं पुस्तक शोधून काढलं.

सोमवारी केशवराव सर शिपाई धर्मपालला घेऊन आले. त्याच्या डोक्यावर रिकाम्या पेट्या होत्या. कपाटं पाहून सर दारातच थबकले.

"पुस्तकं कुठं हायेत?"

"पोरायच्या घरी."

"अन् वापस कधी येतीन?"

"वाचून झाली की. पण तेव्हा ठेवायची कुठं, ते तुमीच सांगा."

धर्मपाल पेट्या घेऊन परत गेला आणि दुपारी त्या खोलीत कॉम्प्युटर उतरले. मॅडमना जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही.

संध्याकाळी एसटी स्टँडवर रागिणीची आई, बेबीताई, झेंडूची टोपली घेऊन बसली होती. तिनं मॅडमना हाक मारली.

"मॅडम, रागिणीनं गाठोडंभर पुस्तकं आनली. दरसाली एकच देत होते तुमी." तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "शाळा बंद होऊन राहिली का हो?"

"नाई हो ताई, शाळा चालू हाय," मॅडम म्हणाल्या.

बेबीताईचा विश्वास बसलेला दिसला नाही. अकोल्याची बस लागली होती. मॅडम चढल्या, खिडकीशी बसल्या आणि ओढणीत तोंड लपवून रडल्या.