निळे दिवे आणि राओनचा डावा हात

घंटा वाजली, आयांनी जमिनीला टेकवलेली कपाळं वर उचलली आणि कोरियातल्या इकसान शहराच्या त्या सभागृहात एकच हुंदका फुटला. भिंतीवरच्या फळीवर निळे दिवे थेट टोकापर्यंत पेटले होते.

"उतरली! प्राणशक्ती उतरली!" पेंग गुरुजी गरजले. "इस्पितळवाल्यांनी मेला म्हणून सोडलेला स्नायू बघा कसा बोलतोय!"

लेकराच्या लुळ्या हाताला पट्टा; तो स्नायूंची हालचाल टिपून फळीवर दिवे लावतो, असं गुरुजी सांगत. तो आईनंच बांधायचा. मग गुरुजी मुलाला मांडीवर घेऊन खांद्यावर तळवा ठेवत, आणि घंटा होईपर्यंत आया कपाळ टेकून लेकराची माफी मागत. कारण दोष आईचाच!

"पोटुशी असताना कचेरीत रात्री जागवल्यास ना?" गुरुजींनी राओनच्या आईला, बोरामला, पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ती रडली. जागवल्या होत्या. बाळंतपणात राओनच्या खांद्याची शीर ओढली गेली होती, हे डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. तरी ती रडली. "व्यायामानं शक्ती सांडते," गुरुजी म्हणाले, आणि उन्हाळ्यापासून तिनं चार वर्षांच्या राओनचा व्यायाम थांबवला.

त्या दिवशी घरी जाताना राओन म्हणाली, "आई, ते गुरुजी आजोबा मूठ आवळतात ना, तेव्हा दिवा लागतो."

"गप! असं बोलू नये."

"मागे पण सांगितलं होतं. तू खाली बघत होतीस."

बोराम चालता चालता थांबली. खरंच, घंटेआधी गुरुजींचे हात तिथल्या एकाही आईनं कधी पाहिले नव्हते.

हिवाळ्याची किमची, म्हणजे तिखट लोणचं, घालायचे दिवस होते, घरोघरी मुळ्यांचे ढीग. पुढच्या खेपेला बोरामनं राओनचा डावा हात तिच्याच जाड कोटाच्या आत पोटाशी घेतला, रिकाम्या बाहीत लांबलचक मुळा सारला आणि पट्टा मुळ्याला बांधला. कपाळ मात्र टेकलं नाही.

गुरुजींनी डोळे मिटले, ओठ पुटपुटले. दिवे झरझर चढले.

बोरामनं बाहीतून मुळा ओढून काढला. "गुरुजी, ह्याला कुठली शीर?"

गुरुजींनी डोळे उघडले. मग गुरुजी सावरले. "श्रद्धा असेल तर मुळ्यातसुद्धा..."

"मग ह्याची किमची घालू की ह्याला शाळेत घालू?" मागून एक आजी खेकसली. कुणीतरी फस्सकन हसलं.

राओननं गुरुजींची ढगळ बाही सरळ वर सरकवली. तिथं दुसरा पट्टा! दिवे पेटवणारा तोच. स्नायू आवळला की त्यात इवलीशी वीज उठते, पट्ट्यातल्या चकत्या ती टिपतात, तारेशिवाय फळीला कळवतात. मुलांच्या हातावरचे पट्टे नुसते शोभेचे. मूठ गुरुजींची, दिवे गुरुजींचे.

बाहेर मिंजे नावाच्या दुसऱ्या एका लेकराची आई बोरामवर उसळली. "दिवे दिसायचे तोवर मला झोप तरी लागायची, राओनच्या आई! तीही घालवलीस."

"माझीही गेलीय," बोराम म्हणाली.

पुढे इस्पितळातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी राओनच्या दंडाला तसलाच, पण खरा पट्टा लावला. पडद्यावर बारीकशी थरथर उमटली, राओनची स्वतःची. मग त्यांनी तिचं कोपर सरळ करायला घेतलं. अर्ध्यावरच अडलं. उन्हाळ्याआधी ते पूर्ण सरळ व्हायचं.

"आखडलंय. व्यायाम कुणी बंद केला?"

गुरुजींचं नाव जिभेवर आलं होतं.

"मी," बोराम म्हणाली. "आता होईल ना सरळ?"

"बघू. वेळ लागेल. पूर्ण होईलच असं नाही सांगत."

आयांनो, अपराधी वाटतं, वाटणारच. पण त्या वाटण्यावर कुणी चमत्काराचा उतारा देऊ लागलं, तर डोळे मिटू नका. हात कुठे आहेत ते बघा, पट्टा दुसऱ्या कशाला बांधून बघा, लेकरू काही सांगत असेल तर ऐका. आणि तोवर त्याचा व्यायाम एक दिवसही चुकवू नका.