पितांबरभाऊंचा मांडा

पारोळ्याचे पितांबरभाऊ सायकली दुरुस्त करायचे आणि कविता लिहायचे. पंक्चर पक्कं काढायचे. कवितेतली हवा मात्र दर वेळी निघून जायची. गेल्या साली धुळ्याच्या कविसंमेलनात त्यांनी हिमालयावर कविता म्हटली. हिमालय सोडाच, या माणसानं सातपुडाही एसटीच्या खिडकीतून पाहिलेला! लोक शेंगा सोलत गप्पा मारत बसले. यंदाही तसंच झालं तर लिहिणं कायमचं बंद, असं भाऊंनी मनाशी ठरवलं होतं.

संमेलन आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी होतं. आखाजी उजाडली तरी कागद कोराच. त्यात बायकोनं, शेवंताबाईंनी, हाक मारली. सणाचे मांडे करायचे होते आणि दर वर्षी चुलीपुढे बसणारी शेजारीण मंजुळाबाई माहेरी गेली होती. भाऊ कुरकुरत चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या सारायला बसले.

मांडे त्यांनी लग्नापासून खाल्ले होते. होताना कधी पाहिले नव्हते. शेवंताबाईंनी पुरण भरलेला गोळा जरासा लाटला आणि उचलून हातांवर घेतला. या हातावरून त्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत तो पसरत चालला. बांगड्या वाजत होत्या. मांडा उपरण्याएवढा रुंद झाला, पलीकडचा जाळ त्यातून दिसू लागला, तरी फाटेना. भाऊंना श्वास घ्यायचं भान राहिलं नाही. एवढं अफाट काही आपल्याच घरात घडतं आणि आपण हिमालय शोधत बसलो!

शेवंताबाईंनी मांडा पालथ्या खापरावर टाकला. तो कच्चाच राहिला.

"जाळ कमी व्हई गया ना! तुमनं ध्यान कोठे शे?"

भाऊंचे डोळे भरून आले होते. शेवंताबाईंना वाटलं, धूर लागला.

दुसऱ्या दिवशी दोघं धुळ्याला गेली. शेवंताबाईंचं माहेर तिथलंच. "माले काय समजस त्यामा," म्हणत त्या पहिल्यांदाच नवऱ्याची कविता ऐकायला आल्या आणि मागे बायकांत बसल्या.

भाऊंनी रात्रीतून लिहिलेली मांड्याची कविता सुरू केली तेव्हा शेंगा फुटतच होत्या. म्हणता म्हणता त्यांचे हात आपोआप वर आले. गोळा हातावर आला, पसरू लागला, मनगट ओलांडून कोपराकडे निघाला. शेंगांचा आवाज थांबला. भाऊंना जोर चढला, त्यांनी एक कोपर झटक्यात उंच नेलं.

"हळू! फाटी जाई!" मागून शेवंताबाई ओरडल्या.

कोणी हसलं नाही. बायकांची अख्खी रांग त्या रिकाम्या हातांकडे जीव मुठीत धरून बघत होती. भाऊंनी कोपर जपून खाली घेतलं.