तिच्या फिटांच्या गोळ्यांची डबी

मी एक जुनी पत्र्याची डबी आहे. मित्रांनो, माझा जन्मच मार खाऊन झाला. कारखान्यातल्या यंत्राने धाडकन ठोसा हाणला आणि सपाट पत्र्याला पोट आले. पुढे शिवणकाम करणाऱ्या एका बाईने मला घेतले आणि माझ्यात फिटांच्या गोळ्या ठेवल्या. मी शिलाई मशीनच्या खणात राहत असे. गोळी घेताना ती मला म्हणे, "चला राणीसरकार, उघडा दार." गोळ्या सुरू झाल्यापासून तिला फिट आली नव्हती. एवढे कौतुक माझे पुन्हा कोणी केले नाही.

तिला मुलगी झाली. डॉक्टरांनी बजावले होते की गोळ्या चालूच ठेवायच्या आणि बाळाला अंगावर पाजायचेही. बाळ फार सुस्त वाटले तर लगेच दाखवायला आणायचे. बाळंतपण करायला आलेल्या नणंदेला मात्र ते पटेना. माझे झाकण वाजले की ती टोमणा मारी, आमची छकुली औषधाच्या दुकानातच जन्माला आली म्हणायची.

एका दुपारी बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपले. गोळ्यांचे औषध दुधातून बाळाला चढतेय, असे म्हणत नणंदेने मला हिसकावले. बाईने तिचे मनगट धरले, तशी तिने बाईच्या थोबाडीत मारली, मला मोरीत उपडे केले आणि वरून बादली ओतली. माझे झाकण पिरगळले.

"ताई, त्या गोळ्या आहेत म्हणून मी उभी आहे," बाई म्हणाली.

नवरा नुकताच वेल्डिंगच्या कामावरून आला होता. तो बायकोला म्हणाला, "ताई एवढं म्हणतेय तर थोडे दिवस नको घेऊस. मग डॉक्टरांना विचारू."

विचारायचे राहून गेले. त्याच आठवड्यात ओट्यापाशी तिचे अंग ताठ झाले. डोके ओट्याच्या कडेवर आदळले. टाचा फरशीवर धडाधड आपटत राहिल्या, भांडी कोसळली, रक्त भिंतीपर्यंत उडाले. एक फिट थांबते तोच दुसरी आली. मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत ती गेली.

नवऱ्याने मला दाखवायला खिशातून नेले होते. डॉक्टरांनी माझा रिकामा तळ पाहिला आणि गोळ्या कोणी बंद केल्या, एवढेच विचारले. घरी आल्यावर त्याने मला बहिणीवर फेकून मारले. तिच्या कपाळाला खोक पडली.

"अजून मार," ती म्हणाली.

त्याने मारले नाही. तो स्वतःचे डोके भिंतीवर आपटत राहिला. बाळ भुकेने किंचाळत होते आणि त्याला कोणी उचलत नव्हते.

मित्रांनो, आता माझ्यात कोणी काही ठेवत नाही. तुमच्या घरात कोणी बाळाला पाजत असेल, तर तिला आपल्या मनाने औषध देऊ नका, आणि तिचे चालू औषध आपल्या मनाने बंदही करू नका. आधी डॉक्टरांना विचारा. आमच्या घरासमोरचा रस्ता ओलांडला की दवाखाना होता.